बुटांची समिती

बाबा, मी इतिहास शिकवते. आधी हे नीट ऐकून घ्या, मग काय ओरडायचं ते ओरडा. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या आमच्या घरापासून जवळच्याच एका शाळेत, दहावीच्या मुलांना. "घरात एक मास्तर पुरे झाला, तू इंजिनिअर हो," असं तुम्ही म्हणालात आणि मी मुकाट्याने झाले. तुम्ही गेल्यावर अमेरिकेत आले, बरीच वर्षं कॉम्प्युटरसमोर बसले, आणि एक दिवस चांगली चाललेली नोकरी सोडून लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर शिक्षकाचा कोर्स करायला लागले. तुमचे जावई पुण्याचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "अगं यार, या वयात लोक रिटायरमेंट प्लॅन करतात. तू होमवर्क काय करतेयस?"

गेल्या आठवड्यात परीक्षा होती, आणि तीही माझीच. नव्या शिक्षकाला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे ठरवायला प्रिन्सिपलबाई वर्गात मागे येऊन बसतात. त्यांनी नको म्हटलं असतं तर पुन्हा तो कॉम्प्युटर, आणि वर जावयांचं "मी काय म्हणत होतो!" मला झोप नव्हती. विषय होता अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. त्यातले घोड्यावरचे सेनापती मुलांना पाठ असतात. मला सांगायचं होतं ते खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचं. राजाविरुद्ध उठलेल्या वसाहतींनी एका सभेत प्रतिनिधी पाठवले आणि बघता बघता अख्खं युद्ध त्या सभेच्या अंगावर पडलं. वकील, व्यापारी, जमीनदार, असली माणसं. सकाळी समित्या, दिवसभर सभा, संध्याकाळी परत समित्या. सैन्याकडून पत्र यायचं, बारूद संपली, ब्लँकेटं नाहीत, मांस खारवायला मीठ नाही, शिपाई अनवाणी चाललेत. असं पत्र आलं की नेमा समिती. शत्रू जवळ आला की कागदपत्रं गाड्यांत भरायची, दुसऱ्या गावाला जायचं आणि तिथे सभा पुढे चालू. कर बसवायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. ठराव करायचा आणि वसाहतींना, म्हणजे आता राज्यांना, कळवायचं की एवढं एवढं पाठवा. हे सगळं वाचताना मला आपलं नागपूरचं स्वयंपाकघर दिसत होतं.

घरात तीच एक खोली मोठी, म्हणून विहाराची जयंती कमिटी तिथेच भरायची. आई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवतेय, वस्तीतले काकालोक भिंतीला टेकून बसलेत, मंडप कोणाकडे, माईक कोणाकडे, जेवणाचं कोण बघणार, आवाज चढलेत. जनरेटरचं काम कोणालाच नको असतं. मग एक काका युक्ती काढतात, "जो आज आला नाही, त्याले द्या." सगळे खूश. तुम्ही मान वर न करता विचारता, "त्याले विचारलं का कोणी?" काका म्हणतात, "मास्तर, आला असता तर विचारलंच असतं ना!" हसून हसून सगळ्यांच्या बश्यांत चहा सांडतो. शेवटी जनरेटर दर वर्षी तुमच्याच गळ्यात. आई कप उचलता उचलता म्हणायची, "घ्या, अजून विचारा!"

तर मी वर्गाचीच सभा केली. बारूद, मीठ, ब्लँकेटं, सगळ्या समित्या भराभर नेमल्या गेल्या. बुटांची समिती कोणी घेईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "मिस, गिव्ह इट टू द अ‍ॅब्सेंट किड! तो नाहीये, ही कान्ट से नो!" बाबा, मला हसू आवरेना. सातासमुद्रापलीकडे तेच काका! बोर्डाला धरून हसले. प्रिन्सिपलबाई मागे काहीतरी लिहीत होत्या, तरी हसले. मग तोंडातून आपोआप निघालं, "पण त्याला कोणी विचारलं का?" एक मुलगी हळूच म्हणाली, "वेट. त्या सभेने राज्यांचं हेच केलं ना? ठराव इथे, आणि बूट द्यायचे घरी बसलेल्यांनी." मग जी जुंपली! न विचारता बूट मागायचे की विचारत बसून शिपायांना अनवाणी ठेवायचं, यावर पोरं घंटा होईपर्यंत भांडली. मी तयार केलेल्या स्लाइड्स तशाच राहिल्या.

प्रिन्सिपलबाईंनी बोलावलं तेव्हा मी मनाने पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलेही होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या प्लॅनमधला जेमतेम एक तृतीयांश भाग झाला." मी मान हलवली. मग त्या हसल्या. "उरलेला पुढच्या वर्षी पूर्ण करा." गाडीत बसून मी रडले, आणि घरी येऊन जावयांना आंब्याचा शिरा करायला लावला. बरा झाला होता.

हे पत्र कुठे पाठवणार, माझ्याजवळच राहील. म्हणून एक सांगून टाकते, शाळेच्या नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं नाही ते. इतिहास मला तुमच्याइतका कधीच आवडला नाही, बाबा. मला तुम्ही आवडायचात. शाळेतून यायचात तेव्हा तुमच्या बाह्यांवर खडूची भुकटी असायची, आणि मला फक्त तसं घरी यायचं होतं. इथे सगळीकडे मार्कर आहेत, त्यामुळे तेवढं काही जमलेलं नाही.