डाव्या पायाचा बिबट्या

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी मुख्य रेंजर झालो की लोक विचारायला येणारच, तेव्हा सगळं आधीच लिहिलेलं असलेलं बरं. अजून झालेलो नाही, पण महिनाअखेरीस नेमणूक आहे. साहेब म्हणाले की या वेळी फक्त काम बघणार. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण?

आहे एक. टेकडीच्या बीटवर, म्हणजे तिकडच्या गस्तीच्या भागात, नवीन आलाय. युनिफॉर्मला कडक इस्त्री, गळ्यात दुर्बीण, येता-जाता सगळ्यांशी हसतो. मी त्याचं नाव नवरदेव ठेवलंय. परवा त्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात, जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढतो त्यात, बिबट्या आला. आमच्या उद्यानात कित्येक वर्षांत बिबट्याची शेपटीसुद्धा कुणाला दिसली नव्हती, आणि या आयत्या बिळावरच्या नागोबाला आख्खा बिबट्या! फोटोत चक्क कॅमेऱ्याकडे मान वळवून उभा आहे. मी जळत वगैरे नाही. माझं म्हणणं एवढंच की जनावराला तरी काही अक्कल हवी.

घरी ही म्हणाली की मुलगा गुणी दिसतो. मी रागाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. तिच्या लक्षातच आलं नाही.

५ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. तळ्याची बीट माझी, त्यामुळे गर्दी माझ्याच डोक्यावर. एक कुटुंब माकडांना बिस्किटं खाऊ घालत होतं. दंड करायला गेलो, तेवढ्यात माकडाने माझी टोपी पळवली. त्या कुटुंबाने व्हिडिओ काढला. 'पोहण्यास सक्त मनाई' या पाटीवर एका गृहस्थांनी आपला ओला टॉवेल वाळत घातला होता. मी पाटी वाचायला सांगितली. ते म्हणाले की टॉवेलमुळे दिसत नाहीये.

दुपारी एक म्हातारं जोडपं हरवलं. तळं बघायला निघालं आणि टेकडीवर पोचलं. नवरदेवाने त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजून खाली आणून सोडलं. आजीबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. तिठ्यावरचा तळ्याकडचा बाण चुकीचा आहे, अशी तक्रार करून गेले. तो बाण मी स्वतः रंगवलाय. बाण बरोबर आहे. लोक उलटे बघतात.

९ फेब्रुवारी

मीटिंग. कडक शब्दांत बोललो. सगळे कॅमेरे टेकडीवर आणि तळं वाऱ्यावर, हा काय न्याय? माझ्या बीटवरही कॅमेरा पाहिजे म्हणजे पाहिजे. साहेबांनी मान डोलावली. नवरदेव लगेच पुढे, म्हणाला की काका, मी स्वतः येऊन लावून देतो.

काका! माझ्यात आणि त्याच्यात अंतर ते काय? कानाजवळचे चार केस सोडले तर काहीच नाही.

येताना शिंप्याकडे गेलो. नवं जाकीट, खांद्यावर 'मुख्य रेंजर' अशी पट्टी. कपड्यासह सगळं सांगून आलो. ही म्हणाली की बाजारात तुरी. बायकांना दूरदृष्टी नसते. बहिणीला मात्र तिनेच फोन करून सांगून टाकलंय.

१३ फेब्रुवारी, दुपार

सुचलं!

माहिती केंद्रात काचेच्या कपाटात बिबट्याच्या पावलाचा प्लॅस्टरचा ठसा आहे. शाळेची मुलं आली की मीच काढून दाखवतो. चावी माझ्याकडे. ओल्या चिखलात दाबला की हुबेहूब पाऊल उमटणार. एक उमटू शकतं, तर वीस का नाही?

ही फसवणूक नव्हे. बिबट्या माझ्या बीटवरही फिरत असणारच. तो फक्त पाऊल न उमटवता जातो. त्याचं राहिलेलं काम मी पूर्ण करतोय.

लवकर घरी. आज झोप हवी.

१४ फेब्रुवारी, सकाळ

फत्ते. उजाडता उजाडता तळ्याकाठच्या गाळात उतरलो. गुडघ्यांवर बसून एक-एक पाऊल दाबत गेलो. रांग सरळ, अंतर सारखं. शेवटची दोन-तीन तर अशी उठलीत की मलाच क्षणभर भीती वाटली. कंबर धरली, पण कलेला किंमत मोजावीच लागते. ठसा धुऊन कपाटात ठेवला. मग वायरलेसवर बातमी दिली. आवाजात थोडी धाप आणली.

संध्याकाळ

साहेबांनी पाठ थोपटली! नवरदेव पावलांपाशी बराच वेळ उकिडवा बसला, मग माझ्याकडे बघितलं, आणि उठला. तोंड एवढंसं झालं होतं. जळतोय बिचारा. माणसाने इतकं जळू नये.

१५ फेब्रुवारी

साहेबांनी जनावरांच्या डॉक्टरला आणलं. त्याने चष्मा पुसला, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, आणि मला विचारलं की बाकीचे तीन पाय कुठे आहेत.

सगळी पावलं एकाच पायाची निघाली. डावा पुढचा.

मी म्हटलं, लंगडा असेल. डॉक्टर म्हणाला की लंगडा बिबट्या तीन पायांवर चालतो, एका पायावर उड्या मारत जात नाही. खोटं बोल पण रेटून बोल, या न्यायाने मी म्हणालो की जिद्दी असेल. डॉक्टरने चष्मा पुन्हा पुसला. पण साहेब घाबरले. जखमी बिबट्या म्हणजे माणसांना धोका. ताबडतोब तळ्याची वाट बंद, पिंजरा आणा, पिंजऱ्यात शेळी बांधा. आणि पिंजऱ्यावर पहारा कुणाचा? ज्याची बीट त्याचा.

नंतर कपाट उघडून पाहिलं. ठशाखाली चिठ्ठी आहे: 'बिबट्या, डावा पुढचा पाय.' अक्षर माझंच आहे. वळणदार.

१८ फेब्रुवारी

तळं बंद, म्हणून सगळे पर्यटक टेकडीवर. नवरदेवाकडे नुसती जत्रा, म्हणे मुलं त्याच्या सह्या घेतात. माझ्याकडे मी आणि शेळी. शेळीने आज माझ्या दुर्बिणीचा पट्टा खाल्ला आणि वर माझ्याकडेच संशयाने बघितलं.

हिने विचारलं की पँटच्या दोन्ही गुडघ्यांना एवढा चिखल कसा. म्हटलं, कर्तव्य. ती म्हणाली की कर्तव्य यापुढे स्वतः धुवायचं.

संकल्प: पुन्हा असं काही करणार नाही. केलंच तर चारही पाय करायचे.

२२ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले की आता तळ्यावरच्या कॅमेऱ्यातले फोटो बघू, बिबट्या आला असेल तर कळेल. मी विचारलं, कुठला कॅमेरा? नवरदेव म्हणाला की काका, तुम्हीच मागितला होतात ना, तेरा तारखेला संध्याकाळी लावला, तुम्ही लवकर घरी गेला होतात.

फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. ससा. रानडुक्कर. पुन्हा रानडुक्कर. मग मी.

आधी मागून. चार पायांवर. मग समोरून, हातात ठसा, एकाग्रतेने जीभ बाहेर. असे बरेच. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. डॉक्टर नुसता खोकला. तेवढ्यात नवरदेव उठून म्हणाला की काकांची पद्धत आहे ती, चिखलातलं पाऊल अस्सल ठशाशी ताडून बघतात. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्या फोटोकडे बघितलं. त्यात माझ्यापुढचा चिखल आरशासारखा कोरा होता. साहेब एवढंच म्हणाले की पिंजरा उचला आणि शेळी परत करा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॅमेरा मीच मागितला.

पण नवरदेव खोटं का बोलला? यात त्याचा काहीतरी डाव आहे. मी शोधून काढणार.

२८ फेब्रुवारी

मुख्य रेंजर: नवरदेव.

टाळ्या मीही वाजवल्या. हात दुखत होते, म्हणून हळू. तो सगळ्यांना सोडून आधी माझ्याकडे आला, म्हणाला की काका, तुम्ही पाठीशी असलात तरच जमेल. डाव अजून सापडलेला नाही.

शिंपी जाकीट परत घेत नाही. ही म्हणाली की कपाटात कसर लागण्यापेक्षा त्या मुलाला दे. मी नाही म्हटलं. मग तिनेच नेऊन दिलं. त्याला पोटावर बरंच सैल होतं. तरी शोभत होतं. मला जास्त लागलं ते हेच.

३ मार्च, सकाळ

माझ्या बीटच्या केबिनबाहेरच्या नळापाशी ओल असते. आज तिथे पावलं.

बसून नीट बघितली. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचे दोन्ही. धावत जाऊन कपाट उघडलं. ठसा जागेवर होता. मी काही केलेलं नव्हतं. देवाशप्पथ, या वेळी मी काहीच केलेलं नव्हतं.

वायरलेस हातात घेऊन बसलो. सांगणार काय? माझ्यावर तर शेळीचासुद्धा विश्वास बसला नव्हता. झाडून टाकावं म्हणून खराटाही आणला. मग रडायलाच आलं. इतकी वर्षं या बीटवर उन्हातान्हात फिरलो, हा एकदाचा आला, आणि मीच त्याला झाडून काढायला निघालो!

शेवटी बटण दाबलं. म्हटलं, नळापाशी बिबट्याची पावलं आहेत, चारही पायांची. पलीकडून नवरदेव म्हणाला, आलो काका. बस. हसला नाही, काही विचारलं नाही. माझंच जाकीट घालून धावत आला, चिखलात गुडघे टेकले, आणि आम्ही दोघांनी मिळून प्लॅस्टर कालवलं. नोंद माझ्या नावावर केली. डाव नव्हताच. माणूसच तसा आहे. अशा माणसावर धड जळताही येत नाही.

मग दोघं माग काढत निघालो. मला वाटलं, तळ्यावर गेला असेल पाणी प्यायला. माझ्या तळ्यावर. पावलं नळापासून तिठ्यापर्यंत सरळ आली, माझ्या बाणापाशी थांबली, आणि बाण दाखवतो त्या बाजूला वळून थेट टेकडीवर गेली. नवरदेवाच्या बीटवर.

नवरदेवाने बाणाकडे बघितलं. मीही बघितलं. 

उद्या रंगाचा डबा घेऊन जायचं आहे.