खिशातला टेलिफोन

१३ नोव्हेंबर १९६२

नंबर लागला! शाळेतून माझं एकटीचं यंत्र उस्मानाबादच्या स्पर्धेला जाणार. विषय — पन्नास वर्षांनंतरचं यंत्र. माझा खिशातला टेलिफोन! साबणाची डबी, आत बॅटरीचा सेल, वर छत्रीची काडी. तार नाही. चालता चालता कुठंही बोलायचं. खरं तर काहीच बोलत नाही ते. पण मार्तंड सर म्हणाले, "आज न्हाय बोलत. कल्पनेलाच मार्क आहेत, गुलबानो."

अब्बांनी पंक्चरचं काम टाकून डबी कानाला लावली. "हॅलो, हैदराबाद?" लई हसलो! अम्मी नाही हसली.

१५ नोव्हेंबर

जिथं तिथं चीनच्या लढाईचं बोलणं. वर्गात माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. मैत्रीण प्रमोदिनीनं हळूच सांगितलं — "बाजारात म्हणतात, तुझ्या अब्बांच्या, गफारमिस्त्रीच्या घरी बिनतारी यंत्र हाय. खबरा देतात."

साबणाची डबी ती!

अम्मी म्हणाली, "चुलीत घाल. आत्ताच्या आत्ता!" मी दिली नाही. "पोलीस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, तू पोटात होतीस. दार वाजलं की काय होतं, तुला काय ठावं?"

१६ नोव्हेंबर

दार वाजलं.

जमादार आणि दोन शिपाई. पेटी उपसली, पिठाचा डबा उपसला. यंत्र नेलं, अब्बांना नेलं. पायात चप्पल घालू दिली नाही. मी ओरडले — "माझं हाय ते! म्या केलंय!" अम्मीनं माझं तोंड दाबलं.

दिवस मावळला. अब्बा नाहीत. जाळली असती डबी तर! या अल्ला, जाळली असती तर!

१७ नोव्हेंबर

आले!

मार्तंड सर सकाळीच चौकीत गेले. फौजदारासमोर डबी उघडली. "साहेब, यातून शेजारच्या खोलीत आवाज जात न्हाय, चीनला कुठला जातोय?" मग अब्बांना सोडलं, डबीही परत दिली.

अब्बा म्हणतात, "काय न्हाय झालं." पण उजव्या कानाला हात लावू देत नाहीत.

सरांनी विचारलं, "सोमवारी स्पर्धेला येतीस ना?" मी नाही म्हटलं. भीती वाटते. अब्बा मध्येच बोलले, "जाईल ती, सर. मी घेऊन येतो."

१९ नोव्हेंबर

जाऊन आलो. बक्षीस नाही. परीक्षकांनी विचारलं, "यावर कुणाशी बोलशील, बाळ?" दारात एक पोलीस उभा होता. मी डबी पाठीमागं लपवली.

२० नोव्हेंबर

अब्बा दुकानावर गेले तशी अम्मीनं कडी लावली. डबी हातात घेतली. अगदी कुजबुजत — "यावर कराचीला बोलता येईल?"

महेबूबमामू, तिचा भाऊ — ॲक्शनमध्ये मेला म्हणून दरसाल ज्याची फातेहा देतो — जिवंत आहे, कराचीत.