चिंचेनं घासलेला रुपया

वसमत, रविवार, संध्याकाळ

नाण्याचा फोटो काढला की नाणं ओळखणारं ॲप लेकीनं बनवलंय. आज दाखवलं. माझी निजामी नाणी त्यानं बराबर ओळखली. मग बायकोनं देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया आणला, माझ्या आईनं तिला दिलेला. ॲप म्हणालं, बटण!

तिचा चेहराच उतरला. दर दिवाळीला चिंचेनं घासघासून तिनंच त्यावरची अक्षरं घालवलीत. मी मोठ्यानं हसलो. काहून हसलो मी?

लेकीनं मात्र त्याच रुपयाचे ढीगभर फोटो काढून ॲपला शिकवलं. पुन्हा दाखवला, तर नाव आलं: आईचा रुपया.

बायको खूश. लगेच विचारते, "दिवाळीला घासल्यावर वळखंल ना?"

म्हणजे यंदाही चिंच भिजणारच.