खडा आणि माझी इच्छाशक्ती

३ तारीख
सोनोग्राफी झाली. मूत्रनळीत खडा. नऊ मिलिमीटर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा आपोआप पडायचा नाही, लेझरने फोडून घ्या. मी हसलो. खडा माझा, पाडणारही मीच. या महिन्यात साहेब रिटायर होताहेत, त्यांची खुर्ची मला मिळणार. अ‍ॅडमिट व्हायला वेळ कुणाला आहे?

५ तारीख
पाण्याचा मारा चालू. मीटिंगमधून सारखं उठावं लागलं. साहेबांनी विचारलं, काही अडचण? म्हटलं, छे, फिटनेस.

८ तारीख
दोरीच्या उड्या मारल्या. उड्यांनी खडा खाली सरकतो, असं मेव्हणा म्हणतो. त्याचं गॅरेज आहे, नळ्यांमधलं त्याला कळतं. खडा जागचा हलला नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा मात्र तावातावाने वर आले.

११ तारीख, पहाटे
कळ. बायको म्हणाली, दवाखान्यात चला. म्हटलं, गॅस आहे. तिने विचारलं, गॅसने माणूस पलंगाखाली जातो का? काही लोकांना वाद घालायला वेळकाळ लागत नाही.

१४ तारीख
मोठं प्रेझेंटेशन. सुरुवात दणक्यात. तिसऱ्या स्लाइडला कळ. मी टेबल धरलं, मग टेबलाखालीच बसलो. उरलेलं माझ्या असिस्टंटने पूर्ण केलं. बरी बोलली. मीच तयार केलंय तिला. साहेबांनी स्वतः गाडीतून हॉस्पिटलात सोडलं. किती जीव आहे माझ्यावर!

संध्याकाळ
किडनी सुजलीय. डॉक्टरीणबाई चिडल्या, आणखी थांबलात तर किडनी गमवाल. बायको भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला समजावलं, अगं, लेझर म्हणजे पाठीवर टॉर्च मारल्यासारखं, पाच मिनिटांचं काम. सिस्टरने ते ऐकलं आणि दुर्बीण कुठून आत जाते ते सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

१५ तारीख
झालं. कमरेखाली बधिर होतो, पण स्क्रीन दिसत होता. पिवळट खडा, त्यावर प्रकाशाचा ठिपका, टकटक, आणि सगळा धुरळा. बाटलीत घालून ऑफिसात दाखवायला मागितला, तर म्हणे, दाखवण्यासारखं काही उरलंच नाही. आत एक नळी ठेवलीय. दोन आठवड्यांनी काढणार. कुठून, ते विचारलं नाही.

१८ तारीख
घरी. साहेबांना फोन केला, सोमवारी येतोच म्हटलं. ते म्हणाले, अजिबात घाई करू नका. तुमच्या असिस्टंटची ऑर्डर निघालीय, ती कालपासून माझ्या केबिनमध्ये बसते, सगळं छान चाललंय.
बायकोने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, आराम करा म्हणाले.
ती म्हणाली, देव भलं करो त्यांचं.
मी कूस बदलली. नळी टोचली.