डोंग्याले आवाज फुटला

हेमराज, तारांचा आवाज भोंग्यात न्याले तू पाठवलेलं पिकप मुकं निघालं. आधी हे लिहून मोकळी होते, बाकीचं मंग. चार दिवस आम्ही त्याच्यापुढं बसलो, मनसारामची बोटं तारा ओढू ओढू सुजली, अन् भोंग्यातून डासाएवढा आवाज नाई. तुझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, बेंजोवाले हेच लावतात, डोळे मिटून लाव. डोळे मिटूनच लावलं होतं गा.

आता रीतीचं. तुले, रीताले अन् लेकरांले मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. तुझी शुगर कशी आहे ते कळवजो (गोड सोडलं म्हणून तू लिहिशील, त्याच्यावर माझा भरोसा नाई). मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते माझे आहेत, त्यांची चौकशी नको. तलावाले पाणी बरं आहे, झिंगे कमी आहेत, मरळ सापडून राह्यली.

तुले अर्धं मालूम आहे, पण हे पत्र रीताही वाचेल, तिले समजावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. आठ वर्षांमागं तू घुग्घुसकडच्या कोण्या साहेब लोकांच्या क्लबातून माणसाएवढं फिडल ट्रकवर टाकून आणलं, अन् दोन दिवसासाठी म्हणून माझ्या जाळ्याच्या खोलीत उभं करून गेला. त्याचं खरं नाव डबल बास आहे म्हणे. गावात त्याले डोंगा म्हणतात, कारण आडवं ठेवलं का तलावात सोडावं असंच दिसते. (शेजारच्या सत्यशीलेच्या नवऱ्यानं एकदा पिऊन विचारलंही, किती माणसं बसतात म्हणून.) माझा पोरगा मनसाराम महिन्यातून चार शब्द बोलणारा माणूस, पण त्याचं त्या डोंग्यासंग जमलं. जुन्या तारा तुटल्या होत्या, तर त्यानं जाळ्याच्या नायलॉन दोरीले पीळ दिला, मेण चोळलं अन् जाड-बारीक अशा चार तारा वळल्या. आता वाजवतो तर पोटात कोणी जातं ओढून राह्यलं असं वाटते. वडशाच्या हरिदासभाऊनं ते ऐकलं अन् आपल्या नाटक कंपनीत ऑर्गनच्या बाजूले त्याले उभं केलं. दिवाळी झाली का होळीपर्यंत जिथी शंकरपट, बैलांची शर्यत, तिथी नाटक, अन् जिथी नाटक तिथी मनसाराम, असं तीन वर्षं चाललं.

पण मांडवात आता जिकडं तिकडं भोंगे झाले. ऑर्गनपुढं माईक, ढोलकीपुढं माईक, नायिकेपुढं दोन. डोंगा पुढच्या तीन रांगांच्या पलीकडं जाईना. दिवाळीत हरिदासभाऊनं सरळ सांगतलं, पंधरा दिवसांनी मंगळवारी दुपारी मांडवात तालीम आहे, मी शेवटच्या खांबाजवळ उभा राहीन, तिथी डोंगा ऐकू आला तर मनसाराम कंपनीत, नाई तर नागपूरचा कीबोर्डवाला सांगून ठेवला आहे, त्याच्या पेटीत म्हणे डोंग्याचाही आवाज भरलेला असते. मनसाराम घरी आला, जेवला नाई, डोंग्यावर गोधडी टाकली अन् जाळं विणाले बसला. मी जाळं पाह्यलं. एवढाले डोळे विणले होते का त्यातून म्हैस गेली असती.

म्हणून तुले पत्र टाकलं, अन् तू ते मुकं पाठवलं. पाचव्या दिवशी मी अन् मनसाराम मूलच्या पोचू रेडिओवाल्याकडं डोंगा घेऊन गेलो. (एसटीत डोंग्याचं अर्धं तिकीट लागलं. कंडक्टर म्हणे, उभा असला तरी जागा घेते.) पोचूनं पिकप उलटं-सुलटं केलं, तारेले नख लावलं अन् दुकानात एकटाच हसत राह्यला. म्हणे, "मावशी, याच्यात लोहचुंबक आहे, हे फक्त लोखंडाचं बोलणं ऐकते. तुमच्या तारा मासोळीच्या जाळ्याच्या. याच्यापुढं तारा आहेत हेच याले मालूम नाई." एक कार्ड टाकून तारा कशाच्या हे तू विचारलं असतं तर काही तुझी नोकरी जात नव्हती. पिकप मी जाळ्याच्या काठाले वजन म्हणून बांधलं, तिथी चांगलं काम करून राह्यलं.

पोचू म्हणे लोखंडी तारा लावा. मनसाराम म्हणे, "पातेल्यावानी वाजेल." महिन्याच्या चारातले दोन शब्द तिथी खर्चले.

मंग दुसरा इलाज. पोचूनं एक बारका माईक माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला अन् डोंग्याच्या पोटाच्या फटीतून आत कोंबला. आमच्या ओसरीवर मांडववाल्याची मशीन, छपरावर भोंगा. मनसारामनं तार ओढली तर भोंगा असा किंचाळला का तलावावरचे बगळे उठले. मी चिंधी नीट कराले फटीशी वाकली, अन् वाकल्या वाकल्या जे रोज म्हणते तेच म्हटलं, का वाटे पाडाच्या आधीच सत्यशीला मोठी मरळ पदराखाली सारते. ते अर्ध्या गावानं ऐकलं. सत्यशीला भांडाले येईल म्हणून मी काठी जवळ घेऊन बसली, तर ती गंज-पातेलं घेऊन आली अन् तीन मासोळ्या परत करून गेली. म्हणजे पिकप म्हणून ते बेकार, पंचायत म्हणून चांगलं.

तिसऱ्या बारीले पोचूनं रुपयाएवढी पितळी चकती आणली, बारीक वायर लावलेली. म्हणे, हिले हवेतलं ऐकू येत नाई, लाकूड थरथरलं का तेवढं समजते, फक्त जागा बरोबर सापडली पायजे. अन् जागाच सापडेना. पोटावर चिकटवली तर कपाट ठोकल्यासारखं, मानेवर चिकटवली तर नखं खरडल्यासारखं. दोघा शहाण्यांनी दोन दिवसांत अठरा जागा पाह्यल्या. डोंग्याच्या अंगावर डिंकाचे डाग असे पडले का माता-देवीचे वण राह्यल्यावानी दिसे. सोमवारची दुपार झाली, मंगळवार उंबरठ्यावर, अन् पोचू म्हणे आता देवावर सोडा. देवाले काय मालूम बासमधलं.

हेमराज, आपण बापासंग गळ टाकाले जावो ते आठवते का. हात वल्ह्यात गुंतले का दोरी दातात धराची. हाताले समजत नाई ते दाताले समजते, बाप सांगे. झिंगा कुरतडते, मरळ एक दणका देते अन् थांबते, अन् शेवाळ नुसती ओढ लावते. (तू दर वेळी शेवाळाले मरळ म्हणून ओढे. म्हणूनच तू नोकरीत गेला.) माझा वरचा एक अन् खालचे दोन दात उरले आहेत, पण समोरासमोर आहेत. मी म्हटलं, मनसाराम, जाडी तार ओढत राय, अन् मी डोंग्याच्या काठाले दात लावला. पोचूनं तोंड फिरवलं, हसत असेल. काठावर सगळं शेवाळ. मानेवर झिंगे. मंग तारा ज्याच्यावर टेकतात त्या लाकडाले, घोडी म्हणतात तिले, वरून खाली चावत आली. बारक्या तारेच्या अंगाले काही खास नाई. जाड्या तारेच्या अंगाले घोडीच्या कडेले एक खाच आहे, तिथी दात ठेवला अन् माझ्या टाळूपर्यंत दणका गेला. मरळ. मी तोंड न काढता बोटानंच दाखवलं, इथी.

चकती त्या खाचेत ढिली बसे. मी रिंकूच्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बाजूले दाबला. (नात दोन दिवस पायी शाळेत गेली अन् दोन दिवस माझ्यासंग बोलली नाई. घर शांत होतं.) पोचूनं चकतीच्या अन् मशीनच्या मधात एक डबी लावली, आवाजाले अंग भराले. मनसारामनं तार ओढली. पोचूनं चष्मा काढून पुसला अन् परत लावला, जसं का ऐकाले चष्मा लागते.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मांडवात मी पहिल्या रांगेत. हरिदासभाऊ शेवटच्या खांबाजवळ हाताची घडी घालून. नागपूरवाल्यानं आधी वाजवलं. वाईट नव्हतं, इस्त्री केल्यावानी होतं. मंग मनसारामनं जाडी तार ओढली. हरिदासभाऊची घडी सुटली अन् हात आपल्याच पोटावर गेला. तो खांबाच्या मागं गेला, चिवड्याच्या दुकानाच्या मागं गेला, पार तलावाच्या बांधावर जाऊन उभा राह्यला. तिथी धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून मांडवाकडं पाहून राह्यल्या होत्या. परत येऊन म्हणे, "मनसाराम, जरा कमी कर बावा, ऑर्गन ऐकू येत नाई." नागपूरवाला माझ्याकडं आला, मोठा अदबीनं विचारे, आजी, पिकप कोणत्या कंपनीचं. मी त्याले तोंड उघडून दाखवलं.

घरी येऊन मनसाराम म्हणे, "माय, भूक लागली." भात दोनदा टाकावा लागला.

तुझी बहीण,
नीलाबाई

ता. क. पोचूची डबी चौकोनी सेल खाते. तिकडं स्वस्त असतील तर सहा पाठवजो. नाई पाठवले तरी चालते, त्यासाठी पत्र लिहिलं नाई.

आणखी ता. क. पिकपाच्या मागून आठ दिवसांनी तुझं दुसरं पत्र निघालं होतं, का चंद्रपूरच्या एका हॉटेलवाल्याले दारात शोभेसाठी डोंगा पायजे अन् पुढच्या रविवारी तू गाडी घेऊन येतो. ते पत्र मले मिळालं नाई. दोनदा वाचलं, तरी मिळालं नाई. (मुद्दाम मुकं पिकप पाठवलं असं मनात आलं होतं, पण तेवढी अक्कल तुझ्यात नाई.) होळीपर्यंत मनसारामच्या चाळीस तारखा लागल्या आहेत. हॉटेलवाल्याले दारात कुंडी ठेवाले सांग. रविवारी आला तर रिकाम्या हातानं आला तसाच जाशील, जेवून. डोंगा आजपासून मनसारामचा, एवढं कागदावर लिहून पायजे, अन् ते तू लिहू नको, तू "पाहू" लिहून पाठवतो. उत्तर रीतानं लिहावं.