बाबांच्या कॅमेऱ्याचं वय

१२ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनी सवय. स्टुडिओ आता फक्त सकाळचा उघडतो. लोक फोटो मोबाइलवर काढतात आणि माझ्याकडे नुसती चौकट करून घ्यायला येतात. काल एकाने आपल्या बायकोचा आणि मांजराचा एकत्र फोटो आणला होता. मांजराला मध्यभागी घ्या, असं त्याने मला दोनदा बजावलं.

आता मुद्द्याचं. आपल्या संग्रहालयात इथल्या जुन्या फोटोवाल्यांचं नवं दालन होणार आहे. यादीत चौकातल्या स्टुडिओवाल्याचे वडील आहेत, आजोबा आहेत, पणजोबासुद्धा आहेत. बाबा नाहीत. मी संग्रहालयाच्या बाईंना जाऊन भेटलो तर त्यांनी फार गोड आवाजात विचारलं की तुमचे वडील फॉर्मवर चिकटवायचे फोटो काढायचे ना. मला फार लागलं गं. अख्ख्या गावाच्या हनुवट्या ज्या माणसाने सरळ केल्या, त्याच्यासाठी एका भिंतीवर चार बोटं जागा नसावी?

म्हणून मी त्यांना बाबांच्या लाकडी कॅमेऱ्याबद्दल सांगितलं. बाई एकदम खुर्चीत सावरून बसल्या. कॅमेरा खरंच फार जुना असेल आणि तुझ्या सहीचा दाखला असेल, तर तो मधल्या काचेच्या कपाटात ठेवू आणि खाली मालक म्हणून बाबांचं नाव लिहू, असं त्यांनी कबूल केलं. तू जन्मभर जुन्या यंत्रांच्या नोंदी केल्यास, तुझ्या सहीला मान आहे.

माझ्या मते कॅमेरा निदान दीडशे वर्षांचा आहे. आतल्या खालच्या कोपऱ्यांत काळे डाग आहेत. पूर्वी काचेवरचा मसाला ओला असतानाच फोटो काढायचे, तेव्हा चांदीचं पाणी ठिबकून असे डाग पडत, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. पुढे परदेशी कारखान्याची पितळी पट्टीही आहे. तेव्हा दाखला लगेच पाठव. मी चार लोकांना सांगूनही बसलोय.

लोभ आहे तसाच राहू दे, वाढला तर उत्तमच.
तुझा,
धाकटू

---

१९ जून

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं. बाबांचं नाव लागावं असं मलाही वाटतं. पण तुझं नेहमीचंच आहे, बाजारात तुरी आणि तू चार लोकांना सांगून मोकळा. डागावरून वय ठरत नाही. डाग माझ्या ओट्यावरही आहेत.

मी विचारते तेवढं नीट बघ आणि कळव. पट्टीवर कारखान्याच्या नावाखाली पत्ता आहे का? हे लोक दुकानं हलवत असत, त्यामुळे पत्त्यावरून काळ कळतो. स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ खाच आहे की फुली? भात्याला, म्हणजे त्या घडीघडीच्या मधल्या भागाला, आतून कोणतं कापड लावलंय? आणि पट्टी हलक्या हाताने काढून तिच्याखालचं लाकूड बघ. जुनी पट्टी निघाली की खालच्या लाकडाचा रंग वेगळा दिसतो, घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसतो तसा.

आणि कृपा करून काहीही घासूनपुसून चकचकीत करू नका. जुन्या वस्तूचं सगळं बोलणं तिच्या मळात असतं.

गुडघ्याला शेक दे. सौ.ला व मुलांना आशीर्वाद.
तुझी,
ताई

---

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच हिने सगळं पितळ लिंबू लावून घासलं. आता कॅमेरा नवऱ्या मुलासारखा चमकतोय. हिचं म्हणणं असं की वस्तू लोकांसमोर जाणार तर तोंड धुऊन जायला हवी. मी हो म्हटलं. घरात राहायचंय मला.

तुझे प्रश्न. पत्ता आहे आणि घासल्यामुळे तो स्वच्छ वाचता येतो, तेव्हा हिला नावं ठेवू नकोस. कागदावर पेन्सिल फिरवून उतरवला आहे, सोबत जोडतो. स्क्रूंवर फुली आहे. भात्याला बाहेरून काळं रेक्झिन, आतून काळं चकचकीत पातळ कापड. मी टॉर्च घेऊन डोकं आत घातलं तेव्हा हिने दारातून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं की ह्यांचं आता वय झालं.

पट्टी काढली. खालचं लाकूड अगदी बाकीच्यासारखंच आहे, रंगात काडीचा फरक नाही. हे चांगलंच ना? म्हणजे लाकूड किती टिकाऊ!

बाईंचा दोनदा फोन आला. कपाटाची काचसुद्धा बसवून झाली. आता उशीर करू नकोस.

तुझ्या मायेला अंतर न पडो.
धाकटू

---

५ जुलै

चि. धाकटूस,
अ. आ.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळच सांगते.

पट्टी खरी आहे. तो कारखाना त्या पत्त्यावर थोडीच वर्षं होता, तुझे दीडशे जवळजवळ बरोबर. तू मागे पाठवलेल्या फोटोत भिंग दिसतंय, तेही त्याच काळातलं. पण कॅमेऱ्याचा बाकी देह त्यांचा नाही. फुलीचे स्क्रू तेव्हा जन्मालाच आले नव्हते. पट्टीखालच्या लाकडाचा रंग वेगळा नाही, म्हणजे आधी लाकूड रंगवलं आणि मग पट्टी ठोकली. हा कॅमेरा सत्तर वर्षांपेक्षा जुना नाही. कुणीतरी जुन्या कॅमेऱ्याची नक्कल केली आणि त्यावर खरी पट्टी लावली. बाबांना कुणीतरी शेंडी लावली असावी. बिचारे जन्मभर त्याला परदेशी समजत राहिले.

मी सही करू शकत नाही. रागावू नकोस. दुसऱ्या कुणाच्या वडिलांसाठी केली नसती, तर आपल्या वडिलांसाठी कशी करू? त्यांचं नाव लागायचं तर खोट्या आकड्याच्या आधाराने नको.

पत्राचं उत्तर दे, एवढंच.
तुझी,
ताई

---

१६ जुलै

चि. ताई व चि. धाकटू,
दोघांनाही आत्याचे अनेक आशीर्वाद.

एकच मजकूर दोनदा लिहिते आहे, कारण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही असं धाकटूच्या पत्रावरून दिसलं. त्यात त्याने ताईला दगड म्हटलंय. ताई, तू मनावर घेऊ नकोस. तो पाच वर्षांचा असतानाही तुला दगडच म्हणायचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तुमची गत. पट्ट्या उचकटल्या, पत्ते शोधले, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या धडधाकट बसली आहे तिला कुणी विचारलं नाही. दादाला, तुमच्या बाबांना, कुणी फसवलं नाही. तो कॅमेरा दादाने केला. मी मदतीला होते.

खरा परदेशी कॅमेरा आमच्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, दादाला मोठ्या हौसेने आणून दिला होता. एकदा तळ्याच्या धक्क्यावर कुठल्याशा मंडळींचा फोटो होता. दादा काळ्या कापडात डोकं घालून सगळ्यांना हलू नका, हलू नका म्हणत होता आणि स्वतः कॅमेऱ्यासकट मागे सरकत होता. पाणी गुडघाभरच, पण कॅमेरा पडला तो उघडा. सांधे सुटले, लाकूड फुगलं, भाता फाटला. भिंग आणि पट्टी तेवढी वाचली. वडिलांचा राग तुम्ही पाहिलेला नाही. दादा बावीस वर्षांचा घोडा, पण घरी मागच्या दाराने आला.

मग तो म्हणाला, आपण नवा करू. ओले तुकडे मापाला घेतले. पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटाची वरची फळी गेली. स्क्रू बिघडलेल्या रेडिओतून आले. रंगासाठी चहा उकळून उकळून लावला. मूळ कॅमेऱ्यात काळे डाग होते, म्हणून दादाने काजळी लावून तेही जिथल्या तिथे पाडले. भाता मी केला. तीन वेळा बिघडला, चौथ्यांदा जमला. आतलं कापड उजेड येऊ देणारं चालत नव्हतं, म्हणून वडिलांची छत्री फाडली. ते महिनाभर छत्री शोधत होते आणि घरातल्या प्रत्येकावर संशय घेत होते. धाकटू, तुझ्या बैठकीत त्यांचा जो कपाळाला आठ्या घातलेला फोटो आहे, तो त्याच महिन्यातला. आपल्याच छत्रीसमोर बसून काढून घेतला त्यांनी.

त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुणा आला की कॅमेऱ्यावर थाप मारून सांगायचे, कारागिरी असावी तर अशी, आपल्या लोकांना जन्मात जमणार नाही. दादा मान खाली घालून हो म्हणायचा. मला आधी हसू यायचं. पुढे पुढे राग यायला लागला. एकदा मी दादाला म्हटलं, सांगून टाक ना. तो म्हणाला, सांगितलं तर त्यांना तो कॅमेरा पुन्हा आवडणार नाही. हे त्याचं वाक्य मी कधी विसरले नाही.

आता भांडण मिटवा. माझ्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली.
तुमची,
आत्या

---

२२ जुलै

चि. धाकटूस,
अ. आ.

आत्याचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझं काय झालं ते तू फोनवर सांगितलं नाहीस, ते कळव.

तू फोनवर म्हणालास की हे संग्रहालयात सांगितलं तर बाबा नकलाकार ठरतील, त्यापेक्षा नाव नसलेलं बरं. मला तसं वाटत नाही. मी दाखला लिहिला आहे, सोबत पाठवते. त्यात कपाटाची फळी, रेडिओचे स्क्रू आणि छत्री, सगळं आहे. वय पासष्ट ते सत्तर वर्षं. तुझ्या अपेक्षेच्या निम्मंसुद्धा नाही.

दाखल्यात सर्वांत वर निर्मात्याचा रकाना असतो. नोकरीत मी तिथे नेहमी अनोळखी लोकांची नावं लिहिली, दूरदेशच्या कारखान्यांची. अनेकदा ‘अज्ञात’ लिहिलं. परवा पहिल्यांदाच तिथे मला शाळेसाठी उठवणाऱ्या माणसाचं नाव लिहिलं. दोन वेळा तपासलं, शुद्धलेखन चुकू नये म्हणून.

द्यायचा की नाही ते तू ठरव. तुला जे पटेल त्यावर मी रागावणार नाही. तूही माझ्यावर रागावू नकोस.
तुझी,
दगड

---

९ ऑगस्ट

ती. आत्यास व ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आत्या, तुझी युक्ती वापरतो. एकच मजकूर दोघींना.

दाखला आठ दिवस उशीखाली ठेवला आणि मग दिला. बाई वाचत असताना मी छताकडे बघत होतो. छत्रीपाशी आल्यावर त्या इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावला. मग गंभीर झाल्या. मधलं कपाट मिळणार नाही, ते जुन्यासाठी आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी उठू लागलो तर त्यांनी बसवलं. म्हणाल्या, या दालनात बारा कॅमेरे आहेत आणि बाराही बाहेरून आलेले. इथल्या माणसाने केलेला हा एकच.

त्यामुळे कॅमेरा जिन्याजवळ आहे. जागा थोडी अंधारी, पण हिने जाऊन पितळ पुन्हा घासलं आहे, बाईंच्या नकळत. ताई, हे तू वाचलंच नाहीस असं समज.

परवा दालन उघडलं. मी लांब उभा होतो. चौकातला स्टुडिओवाला आला, त्याच्या पणजोबांच्या कॅमेऱ्याखाली मालक म्हणून पणजोबांचं नाव वाचून खूश झाला आणि मग जिन्याजवळ बराच वेळ वाकून उभा राहिला. माझ्याकडे वळून त्याने विचारलं की सांधे कसे बसवलेत, एकही चूक दिसत नाही. मला काय माहीत? मी म्हटलं, बाबांना विचारायचं राहून गेलं. मग मी भिंतीकडे तोंड करून कार्ड वाचायचं नाटक केलं.

कार्डावर वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत, निर्माता म्हणून बाबांचं नाव आहे. आत्या, त्यांच्या खाली तुझं. भाता करणारी, असं स्वतंत्र लिहून घेतलंय मी. तू येशील तेव्हा आपण तिघं तिथे उभे राहू आणि कुणाकडून तरी फोटो काढून घेऊ. हनुवट्या सरळ करायला आता ते नाहीत, त्या ज्याने त्याने आपापल्या सांभाळायच्या.

दोघींनी या वेड्यावर माया ठेवावी.
तुमचा,
धाकटू