घरचा वाफा

६ नोव्हें., बारामती
पोटात पुन्हा कळ. कधी जुलाब, कधी सारे ठप्प. सुनंदा म्हणते, "आबा, ताण घेता तुम्ही." लेकीला काय सांगावे? ताण हे कारण नव्हे. कारण न सापडल्याची ती कबुली आहे. शौचाचा नमुना तपासणीस दिला.

९ नोव्हें.
अहवाल: जंतांची अंडी. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसास जंत! डॉक्टरबाईंनी विचारले, "कच्चं काय खाता?" भाकरीबरोबर मेथी. पण ती दगडूच्या मळ्यातली. शाळेपासूनचा मित्र, वरकुट्याहून स्वतः आणून देतो. सबब तो प्रश्न उद्भवत नाही. गोळी घेतली.

१७ नोव्हें., वरकुटे
उद्भवतो.
मेथीच्या वाफ्यांत गटाराचे पाणी सोडलेले. विहिरीलगत एक वेगळा लहान वाफा, पाने बारीक.
"तो कुणासाठी?"
"घरचा हाय."
"आणि माझी जुडी?"
"मास्तर, तूच म्हणला व्हतास, पानं कशी रुंद हायती! रुंद पानं हितलीच. बाजारात समदेच इकत्यात की."
"मग घरी का खात नाहीस?"
"च्या टाकाय सांगू?"
घेतला नाही.

१८ नोव्हें.
आमच्या वस्तीतल्या पोराला, म्हणजे मला, आपल्या तांब्याने पाणी पाजले म्हणून दगडूने बापाचा मार खाल्ला होता. तो तांब्या खरा. हा वाफाही खरा. दोहोंतून एक निष्कर्ष निघत नाही.

८ डिसें.
दुसरा अहवाल निर्दोष. कळ तशीच. कारण नष्ट, कार्य शिल्लक! विद्यार्थ्याने असे मांडले असते तर मी खोडून काढले असते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जंतांना बाहेर ढकलायला आतड्याचे स्नायू जोरात आवळू लागतात. जंत गेले तरी ती खोड लगेच जात नाही."
"कधी जाईल?"
"सांगता येत नाही, सर."

१५ डिसें.
द. आला. हातात जुडी, पाने बारीक. "हिरीवरची हाय. घरची."
ये म्हणालो नाही. जा असेही नाही. सु.ने दोघांनाही भाकरी वाढली. मी एक पान उचलले, तोच पोट आवळले. तोंडात काही जाण्याआधीच. पान खाली ठेवले.
द.ने ते माझ्याच ताटातून उचलून खाल्ले. "बग. आता तरी?"
आवळ सुटली नाही. हात धुऊन हे लिहायला आत आलो. तो बाहेर बसून आहे. त्याची भाकरी न मोडलेली, आणि माझीही.